जुन्या टेबल-सुऱ्यांचा गंज आणि निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या फोंड्याच्या घरात हाडाच्या मुठीच्या बारा सुऱ्या आहेत. माझे थोरले काका बोटीवर होते, त्यांनी त्या कुठल्याशा बंदरातून आणल्या. घरात भाजी-मासळी कापायला आडोळीच (विळी), त्यामुळे सुऱ्या पाहुणे आले की बाहेर यायच्या आणि काका गेल्यावर त्याही बंद झाल्या. किती पावसाळे त्या कपाटाच्या खणात पडून होत्या कोण जाणे. एका जुलैत खण उघडला तर आत तांबडा भुगा पडलेला. त्या सुऱ्या मी एकेक करून परत वापरात आणल्या, आणि तेव्हापासून नात्यातले, शेजारचे लोक आपापल्या सुऱ्या घेऊन येतात. त्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत.

चमचे-काटे शंभर वर्षं तसेच राहतात, मग सुऱ्याच का गंजतात?

कारण चमचा आणि सुरी एका धातूची नसते. सुरीला धार हवी, धारेला कठीण पोलाद हवं. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या जवळजवळ सगळ्या टेबल-सुऱ्यांची पाती साध्या, कार्बन जास्त असलेल्या पोलादाची असत. १९१३ मध्ये इंग्लंडच्या शेफिल्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी टिकाऊ पोलाद शोधत होता. त्यात सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेलं पोलाद आम्लालाही दाद देत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. स्टेनलेसच्या सुऱ्या तिथून सुरू झाल्या. त्याआधी युरोपातल्या घरांत सुऱ्या रोज जेवणानंतर चामडं लावलेल्या फळीवर विटकरीच्या किंवा कुरुंदाच्या पुडीने घासाव्या लागत.

स्टेनलेसची सुरीसुद्धा चमच्याइतकी निर्धास्त नसते. चमच्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि सोबत निकेल असतं. सुरीत क्रोमियम कमी आणि कार्बन जास्त, कारण ती पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, कडक करावी लागते. म्हणून एकाच सेटमधले चमचे लख्ख राहतात आणि सुऱ्यांवर तांबूस ठिपके येतात. सेट खोटा निघाला असं समजू नका.

आणि आपण गोव्यात राहतो. हवेतला दमटपणा ६० टक्क्यांच्या वर गेला की लोखंड गंजायला लागतं. इथे पावसाळ्याचे चार महिने तो ८० च्या वरच असतो, आणि किनाऱ्याकडच्या वाऱ्यात मीठ असतं. मीठ हवेतलं पाणी ओढून धातूवर धरून ठेवतं. पेडण्याच्या किंवा काणकोणच्या किनाऱ्यावरच्या घरातली सुरी समुद्रापासून आत असलेल्या डिचोलीतल्या सुरीपेक्षा लवकर गंजते ती यामुळे. डिचोलीच्या खाणींतून निघतं ते तांबडं खनिज म्हणजे लोह आणि ऑक्सिजनच, गंजाचं सख्खं भावंड. लोखंडाची ओढ परत माती होण्याकडे असते, आपण ती लांबवतो एवढंच.

माझी सुरी साध्या पोलादाची आहे की स्टेनलेस, कसं ओळखू?

आधी पात्याच्या मुळाशी पाहा. स्टेनलेस, इनॉक्स किंवा जर्मन रॉस्टफ्राय असा शिक्का असेल तर प्रश्न मिटला. पोर्तुगालमध्ये गिमारायंश हे सुऱ्या-काट्यांचं जुनं गाव आहे, तिकडच्या सुऱ्यांवर इनॉक्स लिहिलेलं सापडतं. काहीच लिहिलेलं नसेल आणि सगळं पातं करडं दिसत असेल, तर बहुधा साधं पोलाद.

लोहचुंबक इथे कामाचा नाही, सुरीचं स्टेनलेसही त्याला चिकटतं. त्यापेक्षा पात्याच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. पुसल्यावर करडा डाग राहिला तर साधं पोलाद, नाही राहिला तर स्टेनलेस. लोहचुंबक अजिबातच चिकटला नाही तर मात्र ते बहुधा सुरीचं पोलाद नव्हे. ते चांदीचं किंवा चांदीचा मुलामा दिलेलं पातं असेल, आणि या पानावरचं काहीही त्याला लावू नका.

पातं काळपट-निळसर झालंय. हा गंजच ना?

नाही, आणि कृपा करून तो काढू नका. तांबडा, हाताला भुगा लागणारा तो गंज. करडा, निळसर, घट्ट बसलेला थर वेगळा. कैरी, कांदा, टोमॅटो कापून कापून साध्या पोलादावर तो आपोआप चढतो आणि खालच्या धातूला थोडंफार सांभाळतो. माझ्याकडे येणाऱ्या सुऱ्यांत सगळ्यात जास्त नुकसान झालेल्या सुऱ्या गंजलेल्या नसतात. हा करडा थर गंज समजून कोणीतरी तारेच्या घासणीने खरवडलेल्या असतात. घरातल्या माणसांच्या कितीतरी जेवणांनी चढलेला रंग तासाभरात जातो, आणि उघड्या पडलेल्या पात्यावर दुसऱ्या दिवशी खरा गंज येतो.

गंज काढायला सुरुवात कुठून करू?

सगळ्यात सौम्य उपायापासून, आणि एका वेळी एकच सुरी घेऊन.

आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने पातं धुवा, मूठ पाण्याबाहेर ठेवून. कोरडं करा. निम्म्या सुऱ्यांवर गंज म्हणजे नुसती वरची धूळ असते, ती इथेच जाते. मग खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून दाट लेप करा, पात्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि बुचाच्या तुकड्याने किंवा सुती कापडाने घासा. नारळाचं सोडणही चांगलं, फक्त त्यातली वाळू-माती झटकून घ्या, नाहीतर ओरखडे पडतात. घासायचं ते पात्याच्या लांबीच्या दिशेने, मुठीकडून टोकाकडे. गोल गोल घासलं की उजेडात वलयं दिसतात, आणि ती कायमची. सुरी टेबलावर सपाट ठेवून घासा. हवेत धरून घासताना बोटं कापल्याची उदाहरणं आमच्याच वाड्यावर आहेत, टेबल-सुरी बोथट आहे असं धरून चालू नका.

तरीही डाग राहिला तर अगदी बारीक पॉलिश पेपर, १००० नंबरचा किंवा त्याहून बारीक, तेलात बुडवून. शिक्क्याच्या जागेवर पेपर लावू नका. शिक्का ही त्या सुरीची जन्मपत्रिका आहे.

एवढ्यानेही गेला नाही, तर आम्ल.

कुठलं आम्ल? आजी चिंच लावायची, शेजारीण बिंबलं (परसातली आंबट फळं) सांगते, इंटरनेटवर व्हिनेगर.

सगळ्यांचं तत्त्व एकच. आम्लात गंज विरघळतो. फरक वेगाचा आणि ताब्याचा आहे.

मी लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) वापरते. किराणा दुकानात मिळतं, स्वस्त आहे, आणि प्रमाण आपल्या हातात राहतं. २०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे. उंच पेल्यात ते पाणी घेऊन सुरी उभी ठेवायची, पातं आत आणि मूठ बाहेर. दर पंधरा मिनिटांनी काढून जुन्या टूथब्रशने घासून पाहायचं. बहुतेक गंज तासाभरात सुटतो.

व्हिनेगरही चालतं. पण माडाच्या सुरेचं व्हिनेगर यात ओतू नका, ते स्वयंपाकासाठी ठेवा. बाटलीतलं साधं पांढरं व्हिनेगर हेच काम करतं. बिंबलाची गोष्ट खरी आहे. त्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि ते गंजावर जोरात चालतं. बिंबल चिरून डागावर घासलं की फरक डोळ्यांदेखत दिसतो. परसात झाड असेल तर जरूर वापरा, नंतर नीट धुवा. चिंचही काम करते, पण हळू, आणि तिचा चोथा शिक्क्याच्या खाचांत अडकून बसतो. तांब्या-पितळेसाठी चिंच उत्तम, सुरीसाठी नाही. बटाटा कापून सोड्यात बुडवून घासणं कोवळ्या गंजाला पुरतं.

लिंबू आणि मीठ हा उपाय सगळीकडे सांगितला जातो. मला तो आवडत नाही. मीठ घासायला मदत करतं खरं, पण त्याचा एक कण खाचेत राहिला तर आठवड्यात तिथे नवा गंज येतो.

आम्लानंतरची पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. पातं लगेच सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून काढा, साध्या पाण्याने धुवा, कोरड्या कापडाने पुसा, पंख्याखाली धरा आणि तेल लावा. हे करताना फोन आला तर घेऊ नका. नुकतंच आम्लातून निघालेलं पोलाद उघडं असतं, पावसाळ्यात ते डोळ्यांसमोर पिवळं पडतं.

रात्रभर बुडवून ठेवलं तर?

गंज संपला की आम्ल पोलाद खायला लागतं. पात्यावरून बारीक बुडबुडे येताना दिसले तर ते तेच. सकाळी खरखरीत, मळकट करडं पातं हाती येईल.

गंज गेला, पण खड्डे राहिले.

ते राहणारच. गंज म्हणजे तिथलं पोलादच गेलं. खड्डे भरता येत नाहीत, आणि ते दिसेनासे होईपर्यंत सगळं पातं घासायचं म्हणजे सुरी निम्मी करायची. खड्ड्यांतला तांबडा भाग बांबूच्या टोकदार काडीने साफ करा, तेल लावा, आणि असू द्या.

मुठीचं काय? कुठली मूठ कशाची, ते कळत नाही.

पात्यापेक्षा इथेच जास्त चुका होतात, म्हणून सविस्तर सांगते.

हाडाच्या मुठीवर बारीक काळसर ठिपके किंवा रेघा दिसतात, त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या जागा. हस्तिदंतावर ठिपके नसतात. मुठीच्या बुडाकडच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या नाजूक रेषांची जाळी दिसते. दोन्हींना पाणी सोसत नाही, फुगतात आणि मग तडकतात. ओलसर कापडाने पुसा, लगेच कोरड्याने. पिवळेपणा हा वयाचा रंग आहे, ब्लीचने घालवायला जाऊ नका. हस्तिदंत असेल तर आणखी एक गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, त्यामुळे अशा सुऱ्या विकायच्या जाहिराती टाकू नका.

लाकडी मूठ कोरडी पडली असेल तर जवसाच्या तेलाचं एक पातळ बोट फिरवा, जास्तीचं पुसून घ्या. ते तेलकट कापड चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, कापड पेटू शकतं. पाण्यात भिजवून मगच फेका.

हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या, पण अगदी एकसारख्या पिवळट मुठी बऱ्याचदा सेल्युलॉइडच्या, म्हणजे कापूर घालून केलेल्या जुन्या प्लास्टिकच्या असतात. अंगठ्याने जोरात चोळल्यावर कापराचा वास येतो. सेल्युलॉइड म्हातारं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि ती शेजारच्या धातूला खाते. खण कोरडा असूनही मुठीजवळच सारखा गंज येत असेल आणि मूठ चिकट, तडकलेली दिसत असेल, तर ती सुरी बाकीच्यांपासून वेगळी, हवेशीर जागी ठेवा. तापलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

गरम पाण्यात टाकली आणि मूठच निघून आली.

माझीही एक अशीच निघाली, बारांपैकी तिसरी. जुन्या सुऱ्यांत पात्याची मागची निमुळती दांडी पोकळ मुठीत घालून वर राळेचं मिश्रण ओतलेलं असतं. कडकडीत पाण्यात राळ वितळते. डिशवॉशरला म्हणूनच या सुऱ्या कधीच देऊ नयेत.

बसवण्याआधी दांडीवरचा गंज पूर्ण काढा. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आत राहिला तर फुगून मूठ फोडतो. मग राळ, विटकरीची बारीक पूड आणि थोडं मेण मंद आचेवर वितळवून भरता येतं. हा सुऱ्या करणाऱ्यांचाच जुना मसाला, आणि पुढे कधी लागलं तर तो गरम करून सोडवता येतो. दोन नळ्यांचं इपॉक्सी जास्त पक्कं बसतं, पण ते कायमचं. मी राळच वापरते.

पॉलिशवाल्याकडे किंवा धारवाल्याकडे दिल्या तर चालेल?

माझ्या अनुभवातून सांगते, फिरत्या चाकावर देऊ नका. एका दुकानात मी दोन सुऱ्या दिल्या होत्या. आरशासारख्या चकचकीत होऊन आल्या, पण शिक्के पुसले गेले होते आणि एकीच्या धारेवर निळा पट्टा पडला होता. निळा पट्टा म्हणजे पातं तापून त्याचं पाणी उतरलं. तेवढ्या भागाला पुन्हा धार टिकत नाही. टेबल-सुरीला वस्तऱ्यासारखी धार लागतच नाही, बारीक दगडावर पाण्यासोबत चार-पाच हात पुरतात.

बॅटरी चार्जर लावून गंज काढण्याचे व्हिडिओ पाहिले. करू का?

अवजारांसाठी ठीक, टेबल-सुरीसाठी नको. त्यात हायड्रोजन वायू निघतो, मूठ भिजते, आणि कोणी दुसऱ्या टोकाला स्टेनलेसचा तुकडा लावला तर क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं.

नवीन स्टेनलेसवरही तांबूस ठिपके येतात. माल खराब आहे का?

बहुतेक वेळा तो गंज बाहेरून आलेला असतो. तारेच्या घासणीचे कण अडकून तेच गंजतात, किंवा बोअरच्या पाण्यात लोह असलं की त्याची पुटं चढतात. सोड्याच्या लेपाने निघून जातात. ब्लीच मात्र स्टेनलेसलाही लावू नका, क्लोरीनने त्यात टाचणीच्या टोकाएवढे खोल खड्डे पडतात.

तेल कुठलं लावायचं?

औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. त्याला वास नाही, ते खवट होत नाही आणि पोटात गेलं तरी अपाय नाही. दोन थेंब कापडावर घेऊन पुसल्यासारखं लावायचं, ओघळ दिसला तर जास्त झालं. आठवड्यात वापरात येणाऱ्या सुरीला खोबरेलही चांगलं, पण महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर ते खवट होऊन चिकट थर बसतो. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं तेल त्याहून लवकर चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल आणि गंज सोडवायचे स्प्रे खाण्याच्या वस्तूला नकोत.

पावसाळ्यात ठेवायच्या कशा?

पणजीत वर्षाला जवळपास ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तेव्हा मी वर्षातले दोन दिवस ठरवून टाकले आहेत. पहिला मे महिन्यात, पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरताना. सुकी मासळी, सोलां (आमसुलं), मीठ-मिरची डब्यांत जातं त्याच दिवशी सुऱ्या बाहेर काढायच्या, पुसायच्या, तेल लावायचं आणि एकेक सुरी धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. नारिंगी दाण्यांच्या मिळाल्या तर उत्तम, ओलावा पिऊन ते हिरवट झाले की बदलायची वेळ कळते. मिठाचा डबा त्या कपाटात नको.

वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओलावा धरतो. चामड्याच्या म्यानात नको. मूळ मखमली पेटी असेल तर ती कोरड्या दिवसांत मिरवा, पावसाळ्यात मखमल ओल्या पंचासारखी होते. डब्यात कापराची वडी टाकायची जुनी रीत आहे. मला सिलिका जेलचा भरवसा जास्त वाटतो, आणि कापराचा वास जेवणाच्या सुरीला नको.

दुसरा दिवस खंडेनवमी. आडोळी, कोयता, कुदळ यांच्या सोबत सुऱ्याही पूजेला मांडते. पाऊस ओसरलेला असतो, तपासणीला याहून चांगला मुहूर्त नाही. एक लक्षात ठेवा. ओलं हळदकुंकू पात्यावर तसंच राहिलं तर त्याखाली नेमका गंज येतो. दुसऱ्या दिवशी पुसून तेलाचं बोट फिरवा.

गंजलेली सुरी लागली तर धनुर्वात होतो का?

गंजाने होत नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात आणि खोल जखमेतून आत जातात. पण खणात पडलेल्या सुरीला माती-धूळ लागलेली असतेच. जखम खोल असेल किंवा इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर डॉक्टरांकडे जा.

या सुरीने मासा खाल्ला की लोखंडाची चव येते.

येणारच, लिंबू पिळलेला इसवण (सुरमई) आणि साधं पोलाद यांचं जमत नाही. इंग्रजांच्या टेबलावर मासळीसाठी वेगळ्या, चांदीच्या पात्याच्या सुऱ्या आल्या त्या याच कारणाने. जुन्या संचात रुंद, बोथट, नक्षीदार सुऱ्या असतील तर त्या मासळीच्या. साध्या पोलादाची सुरी पाव, लोणी, केळं, पेरू यांसाठी ठेवा.

मग रोज वापरायच्या की जपून ठेवायच्या?

वापरायच्या. रोज हाती लागणारी सुरी रोज पुसली जाते. जेवण झालं की सिंकमध्ये पडू द्यायची नाही, धुवायची, पुसायची, रॅकमध्ये उभी न ठेवता सरळ खणात. माझ्या बारांपैकी आठ रोजच्या वापरात आहेत आणि त्यांच्यावर ठिपकाही येत नाही. डब्यातल्या तीनच मला दर वर्षी काम देतात.

एका सुरीचं टोकच मोडलंय. टाकून देऊ?

आमची बारावी तशीच आहे, टोकाला अडीच बोटं कमी. मोडलेली कड दगडावर गोल करून घ्या, हाताला लागणार नाही. आडोळीला बसायला आईचे गुडघे आता ऐकत नाहीत, म्हणून ती पाटावर बसून याच आखूड सुरीने तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) उघडते. शिंपल्यातलं पाणी खारट असतं, तेव्हा शेवटची तिसरी उघडली की आधी सुरी गोड्या पाण्याखाली धरते, पदराला पुसते, आणि मग सुकं करायला उठते.